बाईचा डावा पाय

अकोल्याच्या त्या दवाखान्यासमोर गाडी उभी करायला जागा मिळत नाही. त्या सकाळी मी यांना फाटकाशी सोडलं आणि गल्लीतल्या गल्लीत फेऱ्या मारत राहिले. कुठे थांबले की रखवालदार काठी आपटत यायचा. शेवटी एका रसवंतीच्या सावलीला जागा मिळाली. थोड्या वेळाने हे येताना दिसले. चाल नेहमीचीच होती, हातातली औषधांची पिशवी तशीच होती. सकाळी येताना हे पुढे माझ्या शेजारी बसले होते. बाई भरती असेपर्यंत तिची जागा गरम ठेवतो, असं म्हणायचे. आता त्यांनी पुढच्या दाराला हात लावला, क्षणभर तसेच उभे राहिले, आणि मग मागचं दार उघडून मागे बसले. तेव्हाच मला कळलं. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता.

बाई म्हणजे माझी थोरली नणंद, इंदूबाई. वरूडजवळ तिची संत्र्याच्या कलमांची नर्सरी होती. नवरा लवकर गेला, पण बाईने नर्सरी मोडली नाही. जंबेरी लिंबाच्या खुंटाची साल उघडून त्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटव्याची कळी, कसा भरायचा, हे मला तिनेच शिकवलं. मी चौथी शिकलेली, चार माणसांत मान वर न करणारी. दुकानातून आणलेली वस्तू बदलून घ्यायची तरी मी बाईला पुढे करायचे. बाई मात्र कलमांनी भरलेली पिकअप घेऊन एकटी कुठे कुठे जाऊन यायची. गाडीवर बसली की ती फार बोलत नसे. गिअर बदलताना तेवढा खालचा ओठ दातात धरायची.

मग ती वाईट वर्षं आली. बोअर आटत गेले, बागा उभ्या वाळल्या. ज्यांनी हौसेने बाईकडून कलमं नेली होती तेच लोक वाळलेल्या झाडांचं लाकूड ट्रॅक्टरमध्ये भरून नेताना रस्त्यात भेटायचे. बाई पिकअप बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्यायची आणि घरी आल्यावर चहा न घेता बसून राहायची. कलमं घेणारं कोणी उरलं नाही. त्यातच तिच्या डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायला लागली. अकोल्याच्या डॉक्टरांनी मणक्यातली गाठ ओळखली, ऑपरेशन झालं, पण पाऊल काही परत आलं नाही. खाली दाबता यायचं, वर उचलता यायचं नाही. ती आमच्याकडे अमरावतीला, राजापेठेत राहायला आली. पिकअप विकली. आणि एके दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "मले गाडी घ्याची हाय. पोट्टे उडवतेत ना, तशी. लाल, बुटकी, चपळ."

हे हसले नाहीत. "बाई, लोकायच्या बागा वाळून राह्यल्या अन् आपन लाल गाडी फिरवाची? लोक काय म्हनतीन? अन् तुह्या पायाचं काय?"

"लोक म्हनूनच राह्यले. जनमभर झाडं वाह्यली मी. एकदा सोताले वाहून नेतो."

"घ्याचीच तं साधी घे. म्हाताऱ्या मानसाची."

"मी म्हातारी होईपर्यंत राहीन, असं तुले कोनं सांगतलं?" यावर हे उठून बाहेर गेले.

बाई मला घेऊन शोरूमला गेली. तिला हवी ती गाडी दोन प्रकारांत होती. एकात नेहमीसारखा हाताचा गिअर आणि पायाचा क्लच. दुसरीत दोन क्लच होते, पण ते आतल्या आत काम करणारे, खाली फक्त ब्रेक आणि रेस. विक्रीवाल्या मुलाने हे समजावून सांगितल्यावर बाई म्हणाली, "दोन दोन क्लच देता अन् दाबाले एकही नाई? मंग ठेवले कायले?"

"मॅडम, एक चालू गिअर धरून ठेवतो, दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो. मध्ये वेळच जात नाही."

"म्हंजे डोळा भरल्यावानी," बाई माझ्याकडे वळून म्हणाली. "एका हातानं साल उघडी धराची, दुसऱ्या हातात डोळा तयार." मुलाला काही समजलं नाही. बाई म्हणाली, "पह्यले गिअरची आन."

तो मुलगा तिच्या शेजारी बसला, मी मागे. बडनेरा रोडवर बाईने दुसरा टाकला, तिसरा टाकला, गाडी अशी सुटली की मी सीट धरली. आरशात मला तिचा तो दातात धरलेला ओठ दिसला... फार दिवसांनी. राजापेठेत शिरलो तर क्लास सुटलेले, रस्ताभर मुलंमुली. बाईने ब्रेक दाबला. डावा पाय क्लचवर जायला हवा होता, पण तो उचललाच गेला नाही, चपलेचं टोक क्लचच्या खाली अडकलं. गाडीने आचके दिले, पुढे उडी घेतली आणि बंद पडली. समोर स्कूटीवर एक मुलगी होती. तिची ओढणी आमच्या बंपरला लागत होती. तिने वळून पाहिलं, ओढणी ओढून घेतली आणि गेली. बाई खाली वाकली आणि दुसऱ्या कोणाचा असावा तसा आपला पाय दोन्ही हातांनी बाहेर काढून घेतला. मागचे हॉर्न वाजवत होते.

नंतर तिने दुसरीही चालवून पाहिली, अगदी नीट. खाली उतरून म्हणाली, "चांगली हाय. पन मी कुठं चालवली? मी तं बसली नुसती."

मला वाटलं विषय संपला. पण बाईच्या मनात गिअरचीच गाडी होती. कडक बूट घालीन, पायाला पट्टा बांधीन, असं चाललं होतं. तपासणीला अकोल्याला गेलो तेव्हा ती मला सलीमभाईंच्या गॅरेजवर घेऊन गेली. तिची पिकअप वर्षानुवर्षं त्यांनीच सांभाळली होती. सगळं ऐकून ते म्हणाले, "गियर वालीच लो, बाई. वो दो क्लच वाली में सूखी क्लच रहती, तेल में डूबी हुई नई. अपने इधर का ऊन, ऊपर से अकोला रोड का जाम. रेंगते रेंगते चलाए तो तापेगी, और बीच रस्ते में खड़ी हो जाएगी."

"पाह्य," बाई मला म्हणाली. "मी काय म्हनत होती?" आणि खुश होऊन उठली. उठताना तिचा पाय गॅरेजच्या उंबऱ्याला अडला. मी दंड धरला म्हणून ती पडली नाही. सलीमभाईंनी ते पाहिलं. हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "मेरी बात मत सुनो, बाई. मैं मशीन का बोल रहा था."

परतीच्या एसटीत बाई खिडकीबाहेर पाहत होती. मूर्तिजापूर गेल्यावर एकदम म्हणाली, "वच्छे, तू शिकशीन तं दोन क्लचची घेतो. नाई तं गिअरचीच घेतो. पाय चालन तवर चालवतो."

यांचा एक डोळा संत्र्याचा काटा लागून गेलेला, ते गाडीच्या वाटेला कधी गेलेच नाहीत. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "बाई, मले नाई जमनार. लोक पाह्यतीन."

"पाह्यतीन तं पाह्यतीन. तू समोर पाह्य."

मी हो म्हटलं. हिंमत आली म्हणून नाही. माझ्या डोळ्यांसमोरून ती ओढणी जात नव्हती.

लाल गाडी आली, दोन क्लचचीच. सुरुवातीचे महिने बाईच ती चालवायची. मोकळा रस्ता लागला की मला बसवायची. कौंडण्यपूरच्या रस्त्यावर मी शिकले. माझे हात स्टेअरिंगवर घट्ट, मान आखडलेली, आणि बाई शेजारी बसून म्हणायची, "दे ना व रेस. डरून कायले राह्यली? रुक्मिनी इथूनच रथात बसून पळाली." मग थोड्या वेळाने, "पन रथ हाकलला त्यानं. तिच्या हाती देला असता तं अजून लवकर पोचले असते." मी हसले आणि पाय दाबला गेला. गाडीने जी झेप घेतली... बाई खिडकीबाहेर हात काढून लहान पोरीसारखी ओरडली. तेव्हाच मी पहिल्यांदा पाहिलं की शेजारच्या जागेवर बसल्या बसल्या तिचा डावा पाय खाली दाबला जात होता. गाडीने आपोआप गिअर बदलला की त्याच क्षणी तिची टाच मॅटवर दाबून मागे सरकायची. तिथे पेडल नव्हतं. या गाडीत माझ्याही पायाखाली ते नव्हतं. मी म्हटलं, "बाई, कायले दाबता?" ती म्हणाली, "मी कुठं दाबतो? थो पायच दाबते."

दुखणं परत आलं तेव्हा उजवा पायही कच्चा झाला. मग गाडी माझ्याकडेच आली. अमरावती ते अकोला, अकोला ते अमरावती. उन्हाळ्यात एकदा बाईला ताप चढला, पाठीतून कळा सुरू झाल्या, डॉक्टरांनी ताबडतोब आणा म्हणून सांगितलं. मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, एकच बाजू उघडी, ट्रकमागे ट्रक. आम्ही वीतभर पुढे सरकायचो आणि थांबायचो. बाईचे डोळे मिटलेले होते. मागून हे सारखे म्हणत होते, "घे ना पुढं, जागा झाली." मी घेत होते. आणि स्टेअरिंगमागच्या काचेत लाल दिवा लागला. गिअरबॉक्स तापल्याची खूण. सलीमभाईंचे शब्द माझ्या कानात वाजायला लागले. गाडी इथे बंद पडली असती तर बाईला उचलून न्यायला मागेपुढे वाट नव्हती.

बाईने डोळे उघडले, दिवा पाहिला. "बाजूले घे. गिअर पार्कात टाक." मी मातीत गाडी घेतली. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. हे दुपट्टा ओला करून तिच्या कपाळावर धरत होते आणि मी त्या दिव्याकडे पाहत होते. तो विझला तेव्हा बाई म्हणाली, "आता रांगू नको, वच्छे. रांगली का तापते. उभी राह्य. समोर जागा होऊ दे. चांगली जागा झाली का मंग चाल."

सांगायला सोपं वाटतं. पण समोर जागा सोडून उभं राहणं म्हणजे मागच्या सगळ्यांचे हॉर्न अंगावर घेणं. मोटारसायकली बाजूने येऊन त्या जागेत घुसायच्या. एक माणूस ट्रकमधून उतरून आला, माझ्या काचेवर हात मारून म्हणाला, "चालवता येत नाई तं कायले घेता गाड्या?" आयुष्यात माझ्याकडे एवढ्या लोकांनी एकदम कधी पाहिलं नव्हतं. "वच्छे, समोर पाह्य," बाई म्हणाली. मी समोर पाहिलं. जागा होऊ दिली, मग गेले. थांबले, जागा होऊ दिली, मग गेले. प्रत्येक वेळी शेजारी तिची टाच मॅटवर दाबली जात होती. तापातही. दिवा परत लागला नाही. दवाखान्याच्या फाटकात तिला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा माझ्या हाताला धरून ती हळूच म्हणाली, "सलीमभाईले सांगू नको."

त्या वेळी ती बरी होऊन घरी आली. नंतरच्या वेळी आली नाही.

सलीमभाई भेटायला आले होते. बराच वेळ यांच्याजवळ बसले. जाताना गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला पाय लावून पाहिला आणि मला विचारलं, "कभी तापी क्या, भाभी?" मी म्हटलं, "नाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गेले.

गाडी ठेवायची की काढायची, हे आमच्याकडे अजून कोणी बोललेलं नाही. हे मागेच बसत होते. परवा वरूडला जायचं होतं, नर्सरीच्या उरल्यासुरल्या जाळ्या उतरवायच्या होत्या. आदल्या दिवशी मी गाडी धुतली. मॅट झटकायला बाहेर काढल्या. शेजारच्या जागेच्या मॅटवर, डाव्या बाजूला, टाचेएवढा भाग पार घासून गेलाय, खालची जाळी दिसते. मी ती होती तशी परत घातली.

निघताना यांनी पुढचं दार उघडलं. वाकून खाली पाहिलं. मग बसले, आणि दोन्ही पाय आखडून उजवीकडे घेतले, ती घासलेली जागा मोकळी सोडून. राजापेठेतून बाहेर पडताना पुढे सगळं तुंबलेलं होतं. समोरचा ऑटो वीतभर सरकला. मी सरकले नाही. मागून हॉर्न सुरू झाले. हे एरवी लगेच म्हणतात, "घे ना पुढं." या वेळी ते समोर पाहत राहिले.

मी जागा होऊ दिली. चांगली जागा झाली, मग निघाले.