शिडीच्या मापाचा ओटा

माझा मामा बायकांचे कपडे शिवायचा. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, पण खोड गेली नाही. रस्त्यात ओळखीची बाई भेटली तर तिचं नाव त्याला आठवत नाही, तिचा डावा खांदा उतरता आहे हे मात्र बरोबर आठवतं. "त्या उतरत्या खांद्याच्या बाई भेटल्या होत्या," असं तो माझ्या आईला फोनवर सांगतो आणि आई कपाळाला हात लावते.

मामी गेल्यापासून तो एकटाच राहतो. शहराच्या कडेला एकसारख्या बैठ्या घरांची रांग आहे, त्यातलं एक त्याचं. पुढे हातभर बाग, मागे कपडे वाळत घालायची दोरी आणि त्या लांबलचक दोरीवर दोन शर्ट, एक पँट, एक टॉवेल. मी दर रविवारी जाते. मी दार वाजवायच्या आत तो उघडतो आणि म्हणतो, "अरेच्चा, आज रविवार का?" सकाळपासून खिडकीत बसलेला असतो, मला काय कळत नाही का!

अशाच एका रविवारी त्याने मला आत ओढलं. "या, हिशेबनीस. आपल्याला स्वयंपाकघर नवीन करायचंय. बजेट काढून दे." मी एका कंपनीत हिशेब बघते, म्हणून हे नाव.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. हा माणूस सकाळी चहा करतो, दुपारी भात लावतो आणि रात्री एक अंडं उकडतो. "कुणासाठी करायचंय?" मी विचारलं. माझी जीभ जरा तिखटच आहे.

"घरासाठी," तो म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला. मग मी समजले.

त्याची एकुलती एक मुलगी, माझी मामेबहीण, नवरा आणि दोन मुलींसह दूर परदेशात असते. मामी ताडमाड होती, मामा तिच्या कानापर्यंत यायचा. मुलगी आईवर गेली, म्हणून मामाने लहानपणीच तिचं नाव शिडी ठेवलं. मामी गेली तेव्हा शिडी आठवडाभर आली होती. एका दुपारी ती त्या बुटक्या ओट्यापाशी भांडी घासत होती, मी पुसत होते. कंबर धरून ती सरळ झाली आणि वैतागून म्हणाली, "आईने इथे जन्म कसा काढला गं? मला या घरात राहायचं असतं ना, तर मी आधी हा ओटा फोडला असता."

दमलेल्या माणसाची कुरकुर होती ती. मी ऐकली आणि सोडून दिली. मामा दारात उभा होता, त्याने सोडली नाही. त्याच्या धंद्यात गिऱ्हाईक म्हणालं, "बाही सैल असती तर घेतलं असतं," तर त्याचा अर्थ एकच होतो, बाही सैल कर, मी घेऊन जाते. आयुष्यभर त्याने अशाच बाह्या सैल केल्या आणि कपडे गेलेही. आता ओटा फोडायचा, उंच करायचा, की शिडी घरी येणार. इतकं सरळ होतं ते त्याच्या डोक्यात.

मी बजेट मांडलं. फोडकाम, नळाचं काम, वायरिंग, ओटा, फरशी, कपाटं, मजुरी आणि ऐनवेळच्या खर्चासाठी दहा टक्के बाजूला. पैसे कुठून आणणार असं मी विचारलं, तर त्याने आजारपणासाठी ठेवलेली ठेव मोडायची ठरवलं होतं.

"आणि आजारी पडलास तर?" मी आवाज चढवला.

"तेव्हा शिडी असेलच की घरात," तो म्हणाला. मी पेन खाली ठेवलं.

त्यानंतर प्रत्येक गोष्टीवरून आमची जुंपली. त्याला भांडी धुवायचं मशीन हवं होतं. मी म्हटलं, तुझी भांडी किती, एक ताट नि एक पेला. तो म्हणाला, पाच जणांची होतील. ओटा आणि कपाट यांच्यामध्ये दोन बायका एकमेकींना न धडकता जातील एवढी जागा हवी होती. नातींचा हात पोचेल असा एक खण अगदी खाली हवा होता. फरशीवाल्याशी मात्र त्याने अशी घासाघीस केली की तो बिचारा शेवटी हात जोडून मोकळा झाला. वाचलेले पैसे मामाने नातींच्या खणाच्या कामात घातले. स्वतःसाठी त्याने काही म्हणजे काही मागितलं नाही.

न राहवून मी शिडीला कळवलं, 'मामा स्वयंपाकघर फोडतोय. तुझ्यासाठी. तू येणार आहेस का?' तिचं उत्तर आलं, 'अगं, किती गोड! बघू.' आमच्या घराण्यात बघू म्हणजे नाही. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, मामालाही. मला तिचा असा राग आला! नाही म्हणायचं तर तोंड उघडून नाही म्हणावं. पण मामाला तिने फोनवर हेच बघू सांगितलं आणि तो मला आनंदाने म्हणाला, "बघू म्हणालीय."

सुताराने कागदावर नकाशा काढून दाखवला, तो मामाला पटेना. कपडा बेतायचा तर खऱ्या मापाचा कागद कापावा लागतो, असं म्हणून त्याने खाकी कागदाचे मोठे ताव आणले आणि जमिनीवर गुडघे टेकून कपाटाचं प्रत्येक दार कापून काढलं. सुतार खूश झाला. त्याचं मोजायचं काम वाचलं होतं. त्याने कागद प्लायवर ठेवले आणि त्याबरहुकूम दारं कापून आणली. एकही बसेना. प्रत्येक दार चारी बाजूंनी बोटभर मोठं.

"काका, हे जास्तीचं कशाला धरलंय?" सुताराने विचारलं.

"दाबायला नको का?" मामा म्हणाला. "शिवणीत जातं ते."

सुतार हसत हसत खालीच बसला. "लाकडाला कुठली शिवण, काका!" मामा आधी ओशाळला, मग तोही हसायला लागला, मग मीही. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. दारं रंधून बारीक करण्यात माझे ऐनवेळचे दहा टक्के गेले, पण त्या दिवशी मी अवाक्षर काढलं नाही.

खरं सांगायचं तर ते दोन महिने मामाचे चांगले गेले. घरात धूळ होती, ठोकाठोक होती, माणसांचे आवाज होते. कामगारांना तो इतक्यांदा चहा द्यायचा की सुतार मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, काकांना सांगा, आमची कामं होईनात." कामगारांची सुट्टी असली की मात्र मामा मला ऑफिसात फोन करायचा. "नळ कुठला घ्यायचा गं?" नळ कधीच आणून झालेला असायचा. मी म्हणायचे, मामा, नळ घेतलाय आपण. तो म्हणायचा, "हो का? बरं, बरं. आणखी काय?" आणखी काही नसायचं. तरी फोन ठेवायचा नाही.

ओट्याचा दगड बसवायच्या दिवशी मी रजा टाकून गेले. भिंतीवर पेन्सिलची रेघ होती, बरीच वर. शिडीची उंची मामाला तोंडपाठ होती. त्या रेघेपर्यंत विटांच्या आधारभिंती चढवायच्या, वर काळा दगड ठेवायचा. गवंडी विटा भिजवत होता तेवढ्यात शिडीचा फोन आला. मामाने तो मोठ्या आवाजावर ठेवला, मला ऐकू यावा म्हणून. चेहरा नुसता फुलला होता.

"बाबा, एक बातमी आहे. आम्ही इथे घर घेतलं."

मामाने भिंतीवरच्या रेघेकडे पाहिलं.

"ऐकताय ना? स्वयंपाकघर इतकं छान आहे, बाबा! ओटा तर अगदी माझ्या उंचीचा करून घेतलाय. आता तुम्हीच या महिनाभर. मुली सारख्या विचारतात."

"छान," मामा म्हणाला. "छान केलंस." मग विचारलं, "किती उंच घेतलास?"

"ते कुठे मोजलंय, बाबा!" ती हसली.

"मोजून घे एकदा. पाठीला जप."

फोन बंद झाल्यावर त्याने तो खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला. माझ्या मनात शिडीला द्यायच्या शिव्यांची रांग लागली होती. पण तिला तरी काय म्हणणार? तिने स्वतःचं घर घेतलं होतं, कुणाचं लुबाडलं नव्हतं. म्हणून जास्तच चीड आली.

गवंड्याने घसा खाकरला. त्याने सगळं ऐकलं होतं. "काका, रेघेवरच लावू का? एकदा बसला की मग हलायचा नाही."

मीच म्हटलं, "जरा थांबा."

"थांबतो. पण तसं उंची काय, जो स्वयंपाक करणार त्याच्या कोपरावरून धरतात. इथे करणार कोण?"

मामाने नव्या कपाटांकडे पाहिलं, खालच्या खणाकडे पाहिलं.

"मीच," तो म्हणाला. "मी एकटाच."

"मग तुमचं माप सांगा."

गावभरच्या बायकांची मापं पाठ असलेल्या माणसाला स्वतःचं माप माहीत नव्हतं. "आपलं आपल्याला घेता येत नाही," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "वाकलं की बदलतं."

गवंड्याने त्याला भिंतीपाशी उभं केलं आणि मला म्हणाला, "ताई, कोपर धरा, हलू देऊ नका." मी मामाचा हात वाकवला आणि कोपर तळहातावर घेतलं. गवंड्याने जमिनीपासून टेप वर ओढली. मामा त्याच्या गिऱ्हाइकांसारखा उभा होता, हनुवटी वर, श्वास रोखलेला, नजर समोर. त्याचा हात फार हलका लागला आणि गार. मी दर रविवारी येते, चहा पिते, फळं ठेवते, भांडते आणि जाते. मामीनंतर या हाताला कुणी हात लावला असेल असं मला वाटेना.

"झालं," गवंडी म्हणाला. ओल्या बोटाने त्याने शिडीची रेघ पुसली, खाली चांगली वीतभर अंतरावर नवी ओढली आणि माल कालवायला मागच्या अंगणात गेला.

मी हात सोडला. मामा तसाच उभा, कोपर वाकवलेलं.

"पुन्हा एकदा घे," तो म्हणाला. "चुकलं असेल."

टेप गवंड्याबरोबर बाहेर गेली होती. मामालाही ते दिसत होतं. मी त्याचं कोपर पुन्हा तळहातावर घेतलं आणि धरून राहिले.