गल्ली झाडून काढलेला फोटो

सत्तरच्या दशकात सोलापुरात पेपरचा फोटोग्राफर म्हणजे काय, हे कुणाला धड ठाऊक नव्हतं. मी गळ्यात कॅमेरा अडकवून सायकलवरून निघालो की लोक विचारायचे, "कुणाचं लगीन हाय?" सुरुवातीला मी चिडायचो. मग हात टेकले. "माझंच," असं सांगून पुढं जायचो.

खरं तर चिडण्याइतकाही जीव त्या कामात उरला नव्हता. सत्कार, उद्घाटनं, मिलच्या दारातली सभा, नळावरची घागरींची रांग. एक रोल, बारा फोटो, त्यातला छापायचा एक. दुष्काळाच्या साली मी इतक्या कोरड्या विहिरी आणि हाडं निघालेली इतकी गुरं टिपली होती, की आतून काही हलायचं बंदच झालं होतं. उजेड किती आहे तेवढं बघायचो. माणसं काय म्हणतात ते कानावर पडायचं, आत जायचं नाही.

मंडईच्या पाठीमागं एक गल्ली होती. भांड्यांची, चादरींची, पत्र्याच्या ट्रंकांची दुकानं. दुकानांपुढं फळ्या, फळ्यांपुढं हातगाड्या, आणि उरलं तर माणसांना वाट. ही गल्ली रुंद करायची आणि जवळच नवं मार्केट बांधायचं असं ठरलं आणि गावात दोन तट पडले. शिकलेली मंडळी म्हणायची, आग लागली तर बंब आत शिरणार कुठून? ते खरंच होतं. गल्लीतले म्हणायचे, बापजाद्यांपासून आमी हितंच हाय, आता कुटं जायचं? तेही खरंच होतं. मला विचाराल तर दोघांचं ऐकून माझे कान किटले होते.

माझा त्या गल्लीशी संबंध पोटापुरता. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी एक अक्का बसायची. नवरा गेलेला, अक्कलकोटकडचं गाव दुष्काळात सुटलेलं, पदरात दोन मुली. पुढ्यात शेगडी, तवा, कडक भाकरींची टोपली आणि शेंगाचटणी कुटायचा दगडी खल. ती चटणी कुटायला लागली की अर्धी गल्ली खोकायची, तिला बोल लावायची आणि चटणीही तिच्याकडूनच घ्यायची. मुलींशी कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, भांडण दोन्हीत. मिलचा भोंगा झाला की तिच्यापुढं माणसं उकिडवी बसायची. त्यात मीही.

गल्लीत ज्याचा धंदा चालू आहे त्याला नव्या मार्केटात जागा मिळणार, असं महापालिकेच्या कचेरीनं जाहीर केलं होतं. अक्काचं सगळं त्यावर अडकलं होतं. ती पायरी गेली की खायचं काय, हा तिचा साधा प्रश्न होता. "मला दार नको, कुलूप नको," ती म्हणायची, "एक ओटा दिला तरी लई झालं."

एके दिवशी संपादक म्हणाले, "गल्लीचा फोटो आणा. किती गजबज आहे, किती पोटं चालतात, लोकांना दिसू द्या. उद्या सकाळी जा." व्यापाऱ्यांचा पुढारी तेव्हा समोरच चहा पीत बसला होता. तो उठला तो थेट गल्लीत गेला आणि उद्या पेपरचा फोटोवाला येतोय म्हणून त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं.

आता, त्या काळात फोटो म्हणजे धुतलेले कपडे, तोंडाला पावडर, स्टुडिओतला रंगवलेला पडदा. आहे त्या अवतारात कुणी फोटोला उभं राहत नसे. सकाळी मी पोचलो तर गल्ली ओळखूच येईना. हातगाड्या गायब. फळ्या आत. सडा घातलेला, दारोदार रांगोळी. दुकानदार पांढऱ्याशुभ्र टोप्या घालून आपापल्या उंबऱ्यावर उभे. मी इतकी वर्षं जातोय, त्या गल्लीला फरशी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

अक्का आपल्या जागी होती. इरकल नेसून, कपाळाला विभूती लावून, हात सरळ खाली सोडून उभी. शेगडी नाही, टोपली नाही, खल नाही. दुकानदारांना भिंती काही उचलता येत नव्हत्या. हिचं अख्खं दुकान मुलींनी दोन खेपांत घरी नेलं होतं. सगळ्या गल्लीत स्वच्छ जागा कुणाची म्हणाल तर तिची.

"अक्का, शेगडी कुठं आहे?"

"घरी. पेपरात काय काजळी दाखवायची व्हय?"

"अहो, मला तीच पाहिजे. घेऊन या परत."

"काढा की दादा गप. पेपर गावाकडं बी जातोय. भाऊ बघंल माझा. रस्त्यावर बसतीया म्हणून कळायला नको त्याला."

मी कपाळाला हात लावला. पुढाऱ्याला म्हटलं, "मालक, गजबज दाखवायची होती."

"अवो, गल्ली घाण हाय म्हणतात नव्हं ते कचेरीवाले? बघू द्या की आता."

ऊन चढत होतं. एकही माणूस एकही वस्तू बाहेर आणायला तयार नव्हता. मी फोटो काढला.

एरवी गर्दीचा फोटो छपाईच्या जस्ताच्या ब्लॉकमध्ये गेला की शाईचा नुसता गोळा व्हायचा. हा लख्ख उमटला. मोकळा रस्ता, दारं, टोप्या, अक्काच्या साडीचे काठसुद्धा. छापखान्यातल्या लोकांनी वाहवा केली. मला काही वाटलं नाही.

पुढाऱ्यानं तो पेपर ऐटीत कचेरीत नेऊन दिला. आम्ही रस्त्यावर वीतभरही पसरलेलो नाही, हा घ्या पुरावा. तिथला अधिकारी तरुण होता, सभ्य होता, आल्यागेल्याला बसा म्हणणारा. तो म्हणाला, उत्तम. भिंतीतल्या दुकानांना मार्केटात जागा देऊ. रस्त्यावर तर तुमच्याच म्हणण्याप्रमाणे कुणी बसत नाही.

हातगाडीवाल्यांनी आरडाओरड केली, पण त्यांच्या दुकानाला चाकं होती. ते दुसरीकडं गेले. अक्कानं अर्ज केला. तिला बोलावणं आलं तेव्हा "तुमी या संगट" म्हणाली, म्हणून मी गेलो. पुढारी आणि भांडीवालाही आले होते.

अधिकाऱ्यानं पेपर टेबलावर पसरला. "बाई, ह्यात तुम्ही कोणत्या?"

तिनं स्वतःवर बोट ठेवलं.

"आणि शेगडी?"

"फोटोसाठी उचलली हुती, साहेब."

अधिकाऱ्यानं पुढाऱ्याकडं पाहिलं. पुढारी वर पंख्याकडं पाहत होता. रस्ता फोटोपुरता रिकामा केला होता म्हणावं, तर त्याचाच पुरावा बुडत होता. ज्याच्या पायरीशी ती बसायची तो भांडीवाला टोपी झटकत राहिला. मग मीच बोललो.

"साहेब, त्या रोज तिथंच बसतात. मी स्वतः जेवतो तिथं."

"फोटो तुम्हीच काढलाय ना?"

"हो."

"मग तुमचा फोटो खोटा आहे का? तसं सांगा, मी लिहून घेतो."

मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात अक्का उठून उभी राहिली. "न्हाय साहेब, फोटो खरा हाय. दादांनी काय बी खोटं केलं न्हाय. जसं हुतं तसंच काढलं त्यांनी."

"साहेब, तो सजवलेला होता," मी म्हणालो.

"बाईच खरा म्हणतायत," अधिकारी म्हणाला. त्यानं पेपरची घडी घातली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. माझ्याकडं त्यानं परत पाहिलं नाही.

बाहेर जिन्यात मी तिच्यावर भडकलो. "कुणी सांगितलं होतं बोलायला?"

"तुमी खोटं केलं म्हणून लिवून घेत हुता की तो. कामावरनं काढलं असतं तुमाला. बायको-पोरं हायती."

मला बायको होती, मूल नव्हतं. पण ते सांगून काय उपयोग. राग आला होता तो तिथंच विरला आणि त्या जागी दुसरं काहीच आलं नाही. रडू नाही, लाज नाही. दात काढल्यावर हिरडी असते तसं सगळं बधीर.

तिचा चेहरा मात्र मोकळा होता. साहेबापुढं खरं ते बोलून ती बाहेर आली होती. तिनं पदर सारखा केला, एक पायरी उतरली आणि माझ्याकडं वळून विचारलं, "मग दादा, माझा ओटा कुटला म्हणाले साहेब?"

जिन्यात आम्ही दोघंच होतो. मलाच सांगावं लागलं.