डबा बदलला की चालतो

माझ्या मामाला कामावर सगळे ‘वैद्य’ म्हणतात. डेटा सेंटरमधल्या हजारो संगणकांना एकमेकांशी जोडणारे चपटे डबे असतात, त्यांना स्विच म्हणतात. मामा स्विचच्या मागे तळहात धरतो, पंख्याचा वारा अजमावतो आणि निदान सांगून मोकळा होतो. सत्तावीस वर्षं हेच चाललंय. मी त्याची सख्खी भाची, वरच्या मजल्यावर त्याच डब्यांचं सॉफ्टवेअर सांभाळते. ‘‘नाचता येईना अंगण वाकडं, असं आहे तुमचं,’’ हे तो मला दर आठवड्याला ऐकवतो. मामा आहे म्हणून गप्प बसते, नाहीतर माझीही जीभ काही कमी नाही.

तीन महिन्यांत तीन स्विच भर दुपारी बंद पडले. डबा ज्याने शेवटचा उघडला, त्याने त्यावर पांढरी पट्टी चिकटवून तारीख घालायची आणि सही करायची, अशी आमच्याकडे पद्धत. तिन्ही पट्ट्यांवर सही एकाचीच, मामासोबत वीस वर्षं काम करणाऱ्या जोडीदाराची. मामाने तिन्ही जागी नवे डबे लावले, लगेच चालू! साहेबांनी जोडीदाराला घरी बसवलं आणि मामाला अहवाल लिहायला सांगितला. अहवालात चौकटी दोनच: हार्डवेअर, सॉफ्टवेअर. हार्डवेअरवर खूण झाली की जोडीदाराची नोकरी गेली.

‘‘डबा बदलला की चालतो. म्हणजे दोष डब्यातच,’’ मामा म्हणाला. पेन मात्र दोन आठवडे खिशातच राहिलं.

मग चौथा स्विच बंद पडला. त्याच्या पट्टीवर सही होती मामाची.

मामाने तळहात धरला, काढला, परत धरला. ‘‘मी तर नीट बसवला होता गं.’’ तो नवा डबा आणायला निघाला, तेव्हा मी म्हटलं, ‘‘बदलू नकोस. नुसता बंद करून चालू कर.’’ त्याने केला. चालू झाला. आम्ही दोघं त्या हिरव्या दिव्यांकडे बावळटासारखे बघत राहिलो.

मग मी चारही पट्ट्यांवरच्या तारखा मांडल्या. प्रत्येक डबा पट्टीच्या तारखेपासून बरोबर दोनशे आठव्या दिवशी पडला होता. डबा उघडला की आम्ही त्यात नवं सॉफ्टवेअर भरतो. डबा किती वेळ चालू आहे, याची मोजणी तेव्हापासून त्यात होत असते. तो आकडा ठरल्या जागेत मावेनासा झाला की डबा कोसळतो. चूक आमच्या सॉफ्टवेअरची होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला लाज वाटली, आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

‘‘मग मी तीन डबे बदलले, तेव्हा दुरुस्त काय केलं?’’ मामाने विचारलं.

‘‘काहीच नाही. मोजणी पहिल्यापासून सुरू झाली, एवढंच. तेही दोनशे आठव्या दिवशी पडतील.’’

‘‘पण ते चालले ना!’’ हे तो तीनदा म्हणाला. मग सॉफ्टवेअरवर खूण केली आणि माझ्यासमोरच जोडीदाराला फोन लावला. स्पीकर चालू होता.

‘‘ये रे परत. तुझी चूक नव्हती.’’

मग जोडीदार म्हणाला, ‘‘असं कसं? मला तर आता आठवतंय. दुसऱ्या डब्याचा स्क्रू मी ढिला सोडला होता. परवा घरातला दिवा गेला, तर त्यालाही हात लावायचं धाडस झालं नाही. हिनेच बदलला.’’

‘‘वेडा का तू? घट्ट होता स्क्रू! मी स्वतः फिरवून पाहिला होता, डबा बंद पडला त्याच दिवशी.’’

‘‘मग त्याच दिवशी साहेबांना का नाही सांगितलंस?’’

मामाने माझ्याकडे पाहिलं. मला तरी काय ठाऊक. फोन चालूच होता.