छोट्या दांडीची पूजा

आमच्या जीपमध्ये दोन दांड्या आहेत. लांब दांडी रोजच्या गिअरची. तिच्या बगलेतली छोटी दांडी चारही चाकांत जोर आणायची, खड्या चढावर, दगडधोंड्यांत. लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत आलेली ही म्हातारी गाडी मी घेतली ती या छोट्या दांडीवर भाळून. पाहुणा आला की चहाच्या आधी मी त्याला दांडी दाखवायचो. "ही टाकली ना, की भिंतीवर चढते!" सहा वर्षांत मी ती एकदाही टाकली नव्हती. घर ते अधारताल, एवढाच तिचा शहरातल्या शहरात रोजचा फेरा; त्यात भिंत लागत नाही.

चैत्रात आईने विषय काढला. आमच्या देवीचं ठाणं नर्मदेपलीकडे, जंगलातल्या टेकडीवर. शेवटचा चढ उभा, नुसते दगड. आईने ऐंशी ओलांडलेली, दोन्ही गुडघे गेलेले.

"एकदा ओटी भरून यावं वाटते," ती म्हणाली. "पण चढवेल कोण मला?"

"माझी जीप आहे ना!" मी म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो, हेच चुकलं.

मंगळवार ठरला. आईने ठरलं त्याच दिवशी खण, नारळ, तांदूळ पिशवीत भरून पिशवी दाराशी नेऊन ठेवली. रविवारी मी सहज छोटी दांडी टाकून पाहिली. हलेना. दोन्ही हातांनी ओढली, पाय टेकवून ओढली. दांडी ढिम्म.

बायको गॅलरीतून बघत होती. "अहो, काहून कुस्ती खेळून राहिले गाडीशी?"

"काही नाही, चेक करून राहिलो."

"चेक करताना माणूस कण्हत नाही."

त्या दिवशी मी दाराशी गेलो की पिशवी दिसे. चढाच्या मध्यात अडकलेली जीप, आत आई, मागे दरी, असं चित्र जेवतानाही समोर येई. आईला खरं सांगावं म्हणून दोनदा तिच्या खोलीत गेलो. दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो.

सोमवारी सकाळीच अधारतालच्या मिस्त्रींकडे गाडी नेली. साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी दांडीच्या बुडाशी असलेली रबराची टोपी वर सरकवली आणि आत बॅटरी मारली. मग बोटाने आतलं काहीतरी खरवडून माझ्यासमोर धरलं. लालसर चिखल, त्यात तांदळाचे दाणे.

"बाबूजी, ये गाड़ी है कि मंदिर?"

माझा चेहरा उतरला. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. हत्यार म्हणावं असं घरात काही नाही, फार तर विळी. म्हणून मी दरवर्षी या दांडीला हळदकुंकू लावून, अक्षता टाकून, वरून आईच्या हाताने नारळाचं पाणी सोडवत आलो. टोपी फाटलेली. सहा वर्षांचा प्रसाद आत उतरून, गंजून, ज्या खिळीवर दांडी फिरते तिला घट्ट धरून बसला होता.

"पूजा तो करी," मिस्त्री म्हणाले, "पर कभी हिलाई?"

त्यांनी गंजावर तेल सोडलं, तासभर मुरू दिलं, मग हातोडीने हलके हलके ठोकत खिळी काढली. मलाही कामाला लावलं. पॉलिश पेपरने ती खिळी आरशासारखी होईपर्यंत मी घासत बसलो. ग्रीस भरलं, टोपी नवी घातली. दांडी मागे आली, पण शेवटी थोडी अडखळून.

"न जाए तो ज़ोर मत करना. दांते आमने-सामने आ जाते हैं. क्लच दबाए रखना और गाड़ी को एक बित्ता लुढ़कने देना. अपने आप गिरेगी."

"लुढ़कने देना? चढाई पे?"

"चढ़ाई के पहले ही डाल लेना, भैया!"

मंगळवारी मी चढाच्या आधीच दांडी टाकायला विसरलो. आई मागे देवीचं गाणं गुणगुणत होती, बायको रस्त्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती, आणि पंचवीसेक हात चढून जीप बंद पडली. मी ब्रेक दाबून धरला. क्लच दाबून दांडी ओढली. अडली.

"काय झालं रे?" आईने गाणं थांबवलं.

"काही नाही. जरा मागे जाईल, घाबरू नको."

"मी कुठे घाबरली? तुझाच पाय थरथरून राहिला."

ब्रेक सैल केला. जीप मागे सरकली. वीतभरच, पण तेवढ्यात मला सगळे नातेवाईक आठवले. मग खट् झालं आणि दांडी झटक्यात मागे आली. मी परत ब्रेक दाबला, इंजिन सुरू केलं. जीप बैलासारखी मान खाली घालून दगड चढू लागली. थेट देवीच्या ठाण्यापाशी जाऊन थांबली.

आईने ओटी भरली. बराच वेळ देवीशी हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली. मग अर्धा नारळ सांभाळत माझा हात धरून जीपपाशी आली, दारातून आत वाकली, आणि सवयीने छोट्या दांडीवर नारळातलं पाणी सोडलं.

मी झटकन पंजा आडवा घातला. सगळं पाणी माझ्याच हातावर पडलं.

आईने पदराने माझा हात पुसला. "बरं," ती म्हणाली, "तर मग तुझीच पूजा झाली म्हणायची. चल, आता उतरव नीट."

उतरायचंही असतं, हे तोवर माझ्या ध्यानातच नव्हतं.