चेकरआण्णांचं ‘छान आहे’

आमचे हे मरायच्या दोन दिवस आधी नातीशी खोटं बोलले.

आज वर्ष झालं त्याला. म्हणून सांगते.

मी बोलतेय, नात ऋतुजा टाईप करतेय. मला अक्षरओळख नाय, म्हणजे तिनं मधलं काही गाळलं तर मला कळायचं नाय. पण नंतर तिच्या आईकडून वाचून घेणार आहे. तसं तिला आधीच बजावून ठेवलंय.

हे वाळूजला एका कंपनीत तीस वर्षं चेकर होते. गाड्यांचे दरवाजे तपासायचे. पांढरा हातमोजा घालून रंगवलेल्या पत्र्यावरून हात फिरवायचा, जिथं पोचा लागला तिथं मेणाच्या पिवळ्या पेन्सिलीनं गोल करायचा.

सगळं बजाजनगर त्यांना चेकरआण्णा म्हणायचं.

माणूस रिटायर झाला, हात नाय झाला. ताटातल्या भाकरीवरूनबी फिरायचा. मी म्हणायचे, पेन्सिल तेवढी काढू नका, भाकरी आधीच गोल आहे.

ऋतुजा जाहिराती करायचं शिकते, आर्टच्या कॉलेजात. दुसऱ्या वर्षाला सरांनी कारची जाहिरात करायला दिली. म्हणाले, घरातल्या पाच जणांचा फीडबॅक घेऊन या.

तिनं हर्सूलच्या तलावाकाठी एक लाल कार उभी केली. प्रिंट काढून मोठ्या पुठ्ठ्यावर चिकटवून आणली.

फीडबॅक काय विचारता.
पुण्याच्या काकानं मोबाईलवर अंगठा पाठवला.
आत्यानं न बघताच हात जोडले, तिला वाटलं देवाचा फोटो आहे.
आई म्हणाली, लई भारी.
मी विचारलं, सोबत ड्रायव्हर देणार का?

पाचवे आण्णा. पोरगी आंघोळीला गेली आणि ह्यांनी पेन्सिल काढली.

ती बाहेर आली तर पुठ्ठ्यावर तीन पिवळे गोल.

मागच्या दरवाजाला हँडल नाय.
स्टेअरिंग डाव्या बाजूला.
ऊन ज्या अंगानं येतंय, सावलीबी त्याच अंगाला.

आणि सबमिशन दुसऱ्या दिवशी.

आता ह्यांचीबी चूक सांगते. कंपनीत खोट दाखवायची ती मालावरच. पत्र्यावरचं मेण फडक्यानं पुसलं की जातं. ह्यांना वाटलं, इथंही जाईल. पोरगी रडायला लागली तसे हे फडकं घेऊन पुसत बसले, आणि सगळा तलाव पिवळा करून ठेवला.

ऋतुजा म्हणाली, “आण्णा, तुम्हाला यातलं काय कळतं?”

हे टाईप करताना तिचा हात थांबला होता. मी म्हणलं, लिही.

ह्यांनी फडक्याची नीट घडी घातली. “काय नाय कळत, बाळा.”

दुसऱ्या दिवशी तोच पुठ्ठा घेऊन गेली बिचारी. सर म्हणाले, चार जणांनी आशीर्वाद दिलाय, फीडबॅक एकानंच दिलाय. हे तीन सुधारून आण.

सुधारलं. पास झाली. पळत घरी येऊन आण्णांना सांगितलं.

“छान झालं,” हे म्हणाले.

त्यानंतर तिनं जे दाखवलं ते छान. साबणाची जाहिरात छान. चपलेची छान. पोरगी मागं लागायची की आण्णा, खोट काढा ना, काहीतरी असेलच. हे खिडकीबाहेर बघायचे. छान आहे.

तिनं मनात घेतलं, आण्णा माझ्यावर रुसले. दोनदा माफी मागितली. हे म्हणाले, रुसलो नाय गं. ते खरं होतं. तिला पटलं नाय.

असे आठ महिने गेले. मग ह्यांच्या छातीच्या दुखण्यानं उचल खाल्ली.

दवाखान्यात ती मोबाईलवर नवीन कार घेऊन आली. त्या कारला तिनं मुद्दाम बाहेरचा आरसाच ठेवला नव्हता. आण्णा पकडतील, रागावतील, मग सगळं पहिल्यासारखं होईल, असं तिच्या मनात. मला हे नंतर कळलं.

ह्यांनी काचेवरून बोट फिरवलं. चित्र पळालं. तिनं परत आणून दिलं.

बोट दरवाजावरून पुढं गेलं आणि आरशाच्या जागी थांबलं.

ह्यांनी वर बघितलं. तिच्याकडं नाय. माझ्याकडं.

मी मान हलवली. नाय म्हणून.

“छान आहे,” हे म्हणाले.

ती बाहेर बाकड्यावर बसून रडली. दोन दिवसांनी हे गेले.

आता ऐक ऋतुजा. आणि गाळू नको.

त्या पुठ्ठ्याच्या दिवशी तू जेवली नव्हतीस. मी ह्यांना माझ्या गळ्याची शपथ घातली, की पोरीच्या कामात पुन्हा खोट काढायची नाय.

हे म्हणाले, “अगं, गोल म्हणजे सुधारायचा माल. टाकून द्यायच्या मालावर फुली मारतात. मी फुली मारली का?”

मी ऐकलं नाय.

माझ्या भाजीत रोज मीठ कमी म्हणून खोट काढणारा माणूस. पण शपथ मोडून मला काही झालं तर, म्हणून तुझ्यासमोर आठ महिने गप बसला.

शपथ सोडवायला मला दोनच शब्द लागले असते. मला वाटलं, आजारी माणूस आहे, लेकरू रडेल, नंतर बघू.

मग वर्षभर तू स्वतःला खात राहिलीस, आणि मी समोर बसून बघत राहिले.

तिनं मोबाईल खाली ठेवला होता. आत जाऊन पाणी पिऊन आली. माझ्याशी बोलत नाय, पण टाईप करतेय.

नको बोलू. रुसायचं तर माझ्यावर रुस. मी अजून आहे.

आणि अहो, तुम्ही. लोक ह्या पोस्टखाली हात जोडतील, फुलं टाकतील, श्रद्धांजली लिहितील. मला ते लिहिता येत नाय. तेव्हा जे तोंडातून निघालं नाय, तेवढंच आज सगळ्यांसमोर म्हणते.

शपथ सुटली.