मार्साली ड्यूअरची घंटा

आमच्या डोंगराळ खोऱ्यात एका जुन्या संताची छोटी हातघंटा सांभाळणाऱ्या घराण्याला ड्यूअर म्हणत. आमच्या गेलिक बोलीत त्या शब्दाचा मूळ अर्थ परका, फिरस्ता. कुणाची गुरं चोरीला गेली की या घराण्यातली माणसं त्यांचा माग काढत परमुलखात जायची, म्हणून हे नाव पडलं. पुढे तेच आडनाव झालं.

माझी शेजारीण मार्साली त्यांच्यातली शेवटची. लग्न केलेलं नव्हतं. जुन्या वस्तू गोळा करणारे शहरी लोक तेव्हा फार फिरत, त्यामुळे दारात आलेल्या माणसाच्या हातात काय आहे ते ती आधी बघायची.

एका शरदात स्टर्लिंग शहरातून गिल्बर्ट नावाचा माणूस आला.

"मीही ड्यूअरच, काकू. आजोबा इथलेच."

"मग तुझी गेलिक अशी मोडकी कशी?"

"शहरात कोण बोलतंय?" तो ओशाळला. "मुलीला झटके येतात. घंटेतलं पाणी पाजायचंय, त्यानं आजार बरे होतात म्हणतात."

"पाणी पिणार ती, आणि आलास तू. एवढी मोठी रिकामी पिशवी घेऊन."

तो पिशवी उचलून निघून गेला. बर्फ पडायच्या आधी परत आला तो मुलीला पाठीवर घेऊन. मार्सालीने मला दाराशी उभं केलं. एका हाताने पाणी पाजलं, दुसऱ्या हाताने घंटेची कडी घट्ट धरून ठेवली. मुलगी शेकोटीजवळ झोपली. गिल्बर्ट रडला. मार्सालीने त्याला ओटची भाकरी आणि चीज वाढलं. मला वाटलं, तिचा संशय गेला.

ते गेल्यावर म्हणाली, "आता त्याला घंटेची जागा कळली."

शालीखाली घंटा घेऊन ती लपवायला डोंगराकडे निघाली.

"मी येऊ का सोबत?"

"तू चांगली आहेस गं. पण नको."

ते मला लागलं. नवी जागा तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितली नाही. पुढच्या हिवाळ्यात छातीत कफ होऊन ती गेली.

वसंतात गिल्बर्ट आला. मुलगी शेजारी चालत होती. झटके कमी झाले होते म्हणे. तिने मार्सालीसाठी लोकरीचे मोजे विणून आणले होते. ते तिने थडग्यावर ठेवले.

"घंटा कुठे आहे?" गिल्बर्टने विचारलं.

"मला ठाऊक नाही."

खरंच नव्हतं ठाऊक. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मुलीला हळूच म्हणाला, "चल, सांगायच्या नाहीत या."