मुठीकडची धार

डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत सारायची, मनगटावरच्या केसांवरून वस्तरा फिरवायचा आणि फुंकर मारायची. केस उडाले तर ठीक. नाहीतर गिऱ्हाइकाच्या गालावर साबण वाळत असला तरी मामा पुन्हा धारेच्या दगडाकडे वळत. "बसा की पावणं, अजून धा हात मारतो." त्यामुळे त्यांचा डावा हात कायम लहान पोराच्या हातासारखा गुळगुळीत असे. असा एखादा न्हावी तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्या हाताकडे एकदा बघा.

कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत त्यांच्या सलूनला लागून माझं सुतारकामाचं दुकान. साऱ्या गल्लीचे ते मामा, आणि मी त्यांचा मिस्त्री. पुढे सगळी गिऱ्हाइकं नवीन ब्लेडची दाढी मागू लागली. तेव्हापासून मामांचा जुना पोलादी वस्तरा एकाच माणसासाठी उरला. तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ.

हा भाऊ एकेकाळी पेठेच्या टीमचा गोलकीपर. मॅचआधी दाढी केल्याशिवाय मैदानात उतरत नसे. आता मानेखालचं सगळं शरीर निकामी होऊन अकरा वर्षं सलूनमागच्या खोलीत पडून होता. मामा रोज सकाळी सातला त्याची दाढी करत, मगच दुकान उघडत. त्याला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. एकदा ब्लेडनं जरासं खरचटलं, तर दुपारपर्यंत रक्त थांबलं नव्हतं. तेव्हापासून मामांचा विश्वास फक्त स्वतः धार लावलेल्या वस्तऱ्यावर.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी ते माझ्याकडे आले. डाव्या मनगटावर दोन ताजे काप होते.

"मिस्त्री, धार एकसारखी बसंना झालीया. मुठीकडं लागतीया, टोकाकडं बोथटच. टोक कातडीला वडतंय."

पटाशीला धार लावण्यात माझं आयुष्य गेलेलं. मी दगड उजेडात धरला. मध्ये खोलगट झाला होता. काचेवर काचपेपर ठेवून, पाणी घालून तासभर तो घासला आणि सपाट केला. मामा खूश होऊन गेले आणि दुपारी परत आले. तसंच. दुसऱ्या दिवशी तीनदा आले. वस्तरा मुठीकडं झिजून अरुंद होत चालला होता आणि मामांचे डोळे खोल.

"दाढीचं एक बारकं मशीन आणा की," मी म्हणालो. "कापायची भीतीच नाही."

ते माझ्या ओंडक्यावर बसले. बोटानं भुसा सारत बोलू लागले.

"दुकानाचा बोर्ड लावताना पडला त्यो. शिडी मी धरलेली. गिऱ्हाईक आलं, 'या, बसा' म्हणाया वळलो. तेवढंच. दवाखान्यात त्याला म्हणालतो, तुला मॅचला निघाल्यागत ठेवीन. मशीननं खुंट ऱ्हात्यात, मिस्त्री."

मी निळा मार्कर काढला आणि वस्तऱ्याच्या धारेलगत दोन्ही बाजूंनी रंग फासला. "आता पाच हात मारा." त्यांनी मारले. मुठीकडचा निळा रंग साफ गेला, टोकाकडचा तसाच राहिला. पुन्हा रंग लावला आणि या वेळी वस्तरा मी धरला. पाच हातांत सगळा रंग सारखा निघाला.

दगड चांगला होता. वस्तराही चांगला होता. मामांनी उजवा हात उघडून माझ्यापुढं धरला.

"करंगळी आणि शेजारचं बोट," ते म्हणाले. "दिवाळीपास्नं बधिर हाईत. किती जोर लावतोय, कळतच न्हाय. कुणाला बोलू नका."

मी बोललो नाही. उलट दोन दिवस खपून तो वस्तरा टोकापासून मुठीपर्यंत एकसारखा करून दिला. केस नुसता टेकला की तुटे. मामांनी वस्तरा कपाळाला लावला. मलाही बरं वाटलं. जो हात दगडावर चुकतो, तोच उद्या गळ्यावर फिरणार आहे, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला मामांची हाक नव्हे, किंकाळी ऐकली. जबड्याखाली बोटभर काप. टॉवेल भिजला, दुसरा भिजला. रिक्षात मी त्याचं डोकं धरलं होतं. मामा पुढं ड्रायव्हरशेजारी बसून नुसते "माझ्यानं, माझ्यानं" म्हणत होते.

भाऊ वाचला. चार दिवसांनी घरी आला. मामांनी मला बोलावलं आणि साबणाची वाटी पुढं केली.

"तुमी करा, मिस्त्री. जखम सोडून करा. तुमचा हात धड हाय."

मी वस्तरा घेतला. वाटीतला साबण त्याच्या गालाला लावू लागलो. खाटेवरून आवाज आला.

"ऱ्हाऊ द्या. दादा, मला दाढी नको. मला कुणी बघाया येतंय व्हय? तुला बरं वाटतंय म्हणून अकरा वर्सं गप पडून करून घेतली."

मामा भिंतीला टेकून खाली बसले.

"मग मी करू काय?" त्यांनी विचारलं.

सलून पुन्हा उघडलं नाही. पावसाळ्यात त्यांची मुलगी दोघांना गारगोटीला घेऊन गेली. मामा तिथं चार महिने जगले. दुखणं असं काही नव्हतं, जेवण सुटलं होतं, असं मुलगी फोनवर म्हणाली.

तेराव्याला मी गारगोटीला गेलो तेव्हा भावाची दाढी गळ्यापर्यंत वाढली होती. दहाव्याला तिथल्या न्हाव्याला त्यानं परत पाठवलं होतं. दादाशिवाय कुणाचा हात तोंडाला लावून घेणार नाही, म्हणाला.

मी त्याच्या खाटेजवळ बसलो.

"मिस्त्री, जरा हनुवटी खाजवा की. लई खाजतंय."

मी त्या दाढीत बोटं घातली. त्यानं डोळे मिटले. "वर... आजून वर. कानाजवळ."